ऑस्ट्रेलियाचा नकाशा, नद्यांच्या वागण्यावरून

ऑस्ट्रेलियाच्या ऐन मध्यावर ॲलिस स्प्रिंग्ज नावाचं शहर आहे आणि त्या शहरातून टॉड नावाची नदी जाते. १९६२ पासून या नदीत दरवर्षी नौकाशर्यत भरते. नावांना तळ नसतो. स्पर्धक नावेच्या सांगाड्यात उभे राहतात, तो कमरेशी धरून उचलतात आणि पात्रातल्या वाळूतून धावत सुटतात. १९९३ साली ही शर्यत रद्द करावी लागली, कारण नदीला पाणी आलं होतं.

नकाशावर मात्र टॉड निळ्या रेघेनेच दाखवलेली असते. फार तर ती रेघ तुटक असते. दक्षिणेकडची मरे नदी, जिच्यातून एकेकाळी वाफेच्या बोटी मालवाहतूक करत, तीही निळीच. हा नकाशा हातात घेऊन कोणी शेत घ्यायला, धरण बांधायला किंवा नदीतले मासे जगवायला निघाला, तर त्याच्या काय पदरात पडणार? नदी कुठून कुठे जाते एवढंच त्याला कळेल. ती कधी वाहते, किती दिवस वाहते, पुढच्या वर्षी वाहील याची खात्री किती, आणि उगमापाशी निघालेलं पाणी मुखापर्यंत पोहोचतं का, यातलं काहीच कळणार नाही.

म्हणून जलशास्त्रज्ञ वेगळ्या नकाशाच्या मागे लागले. अख्ख्या खंडाचे भाग पाडायचे, पण राज्यांच्या सीमा, डोंगररांगा किंवा पावसाचे आकडे यांवरून नाही. पाणी तिथे कसं वागतं यावरून. या कामाला ऑस्ट्रेलियासारखा खंड नाही. एकतर अख्खा खंड एकाच देशात असल्याने नोंदींसाठी चार देशांची दारं ठोठावावी लागत नाहीत. आणि दुसरं म्हणजे बर्फ वितळून वाहणारे ओढे, मान्सूनवर फुगणाऱ्या नद्या, सदाहरित जंगलातले झरे आणि दहा-दहा वर्षं कोरडी राहणारी पात्रं असे सगळे मासले तिथे एका ठिकाणी सापडतात.

पावसाचा नकाशा का पुरत नाही

पहिला विचार कोणाच्याही मनात येईल तो पावसाचा. जिथे पाऊस जास्त तिथे पाणी जास्त, मग पावसाचाच नकाशा का वापरू नये? दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांनी हा प्रश्न फार महागात सोडवला.

१८६३ ते १८६५ या काळात तिथे भयंकर दुष्काळ पडला. वसाहतीचे मुख्य भूमापन अधिकारी जॉर्ज गॉयडर यांना सरकारने विचारलं, की दुष्काळाचा मुलूख नेमका कुठे सुरू होतो ते दाखवा. उत्तरेकडच्या पावसाच्या नोंदी तेव्हा जवळजवळ नव्हत्याच. गॉयडर घोड्यावर बसून निघाले आणि त्यांनी झाडं पाहिली. मॅली नावाचं झुडूपवजा निलगिरीचं रान कुठे संपतं आणि खारट मातीत तग धरणारं सॉल्टबुश कुठे सुरू होतं, ते बघत त्यांनी १८६५ साली नकाशावर एक वेडीवाकडी रेघ ओढली. रेघेच्या दक्षिणेला गहू पिकेल, उत्तरेला फक्त मेंढ्या चाराव्यात, असा तिचा अर्थ. पुढे मोजमापं झाली तेव्हा ही रेघ वर्षाला साधारण २५० ते ३०० मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यातून जाते असं दिसलं.

मग १८७०च्या दशकात सलग चांगली वर्षं आली. रेघेच्या वरही गहू तरारून आला. नांगर चालला की पाऊस मागून येतो, ही समजूत तेव्हा भल्याभल्यांनी उचलून धरली होती. लोकांनी गॉयडरची टर उडवली, १८७४ साली सरकारने रेघेचं बंधन काढून टाकलं आणि शेतकरी उत्तरेला सरकले. तिथे एक गाव वसलं, त्याचं नावच फरीना ठेवलं, म्हणजे लॅटिनमध्ये पीठ. गव्हाचं कोठार होणार होतं ना ते! १८८०च्या दशकात पाऊस नेहमीच्या वळणावर आला. फरीनाच्या दगडी भिंती आजही उभ्या आहेत, छपरं नाहीत. रेघेच्या उत्तरेला अशी पडकी शेतघरं जागोजागी दिसतात.

सरासरीवर गेलं असतं तर त्या शेतकऱ्यांचं फार चुकलं असं वाटलं नसतं. रेघेच्या थोडं वर सरासरी थोडी कमी, एवढंच. पण गॉयडर सरासरी बघतच नव्हते. सॉल्टबुश एका चांगल्या वर्षाला भुलत नाही. शंभर वर्षांत किती वेळा पाणी दगा देतं, याचा हिशेब त्या झुडपांनी आधीच मांडलेला होता आणि गॉयडरना तो वाचता आला. माझ्या मते पाण्याच्या वागण्यावरून केलेली खंडातली ही पहिली युरोपीय रेघ, आणि पावसाचे आकडे हाताशी नव्हते म्हणूनच ती इतकी बरोबर आली असावी.

उतार कुठे आहे

पावसानंतरचा विचार म्हणजे उताराचा. पडलेला थेंब कोणत्या बाजूला ओघळेल? पाणलोट हा शब्द आपल्याकडे गावोगाव माथा ते पायथा कामं झाल्यापासून पोराटोरांना माहीत आहे. तीच गोष्ट खंडाच्या मापाने करायची. ऑस्ट्रेलियात १९६०च्या दशकात असे १२ मोठे जलविभाग आणि त्यांत २४५ नदीखोरी आखली गेली. पुढे संगणकावर उंचसखलपणाचे बारकावे मिळाले तेव्हा मोठे विभाग १३ झाले.

या नकाशावर खंडाची ठेवण लगेच कळते. पूर्व किनाऱ्याला लागून ग्रेट डिव्हायडिंग रेंज ही डोंगररांग आहे. तिच्या पूर्वेचं पाणी थोडक्या अंतरात समुद्राला मिळतं. पश्चिमेचं पाणी आत वळतं. दक्षिणेकडे ते मरे आणि डार्लिंग या नद्यांच्या खोऱ्यात जातं. हे खोरं दहा लाख चौरस किलोमीटरहून मोठं, म्हणजे तीन महाराष्ट्र मावून उरतील इतकं. त्याच्या उत्तर-पश्चिमेला लेक एअरचं खोरं, ते तर १२ लाख चौरस किलोमीटरचं, खंडाचा सहावा हिस्सा. त्याला समुद्र नाहीच. सगळे उतार कटी थांडा-लेक एअर या खाऱ्या सरोवराकडे येतात. सरोवराचा तळ समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ मीटर खाली आहे. पाणी येतं, साचतं, वाळून जातं, मीठ मागे राहतं. आणि दक्षिण किनाऱ्यावरचा नलारबोर हा चुनखडीचा सपाट पठारी भाग असा, की तिथे जमिनीवर नदीच नाही; पडलेलं पाणी खडकातल्या भेगा-गुहांत उतरतं.

आत वळणाऱ्या या नद्यांनी एकोणिसाव्या शतकात भलताच घोळ घातला होता. इतक्या नद्या आत जातात, पक्ष्यांचे थवेही आतच उडत जातात, म्हणजे मध्यभागी मोठा समुद्र असणार, असं चार्ल्स स्टर्ट यांनी ताडलं. १८४४ साली ते ॲडलेडहून मोहिमेवर निघाले तेव्हा सामानात एक होडी होती. पुढे लागली ती दगडगोट्यांची आणि वाळूच्या टेकड्यांची वाळवंटं. तर्कात खोट नव्हती. पाणी खरोखर आतच जातं, पक्षीही पाण्याकडेच जातात. फक्त पाणी तिथे कधी असतं, हा सवाल राहून गेला होता.

उताराच्या नकाशाची हीच मर्यादा. मरेचा उगम बर्फ पडणाऱ्या डोंगरांत आहे आणि डार्लिंगला पाणी पुरवणाऱ्या उपनद्या उत्तरेकडच्या उष्ण, उन्हाळी पावसाच्या मुलखातून येतात. दोघींचं खोरं एक, स्वभाव दोन ध्रुवांवरचे. त्यांना एका रंगात रंगवलं तर नकाशा देखणा होईल, उपयोगाचा होणार नाही.

थेंबाचा हिशेब

पाणी वागतं म्हणजे काय, हे समजायला मरे-डार्लिंग खोऱ्याचा एकच हिशेब पुरे. तिथे पडणाऱ्या दर १०० थेंबांपैकी सुमारे ९४ थेंब पुन्हा हवेत जातात. काही थेट वाफ होऊन, काही गवत-झाडांच्या पानांतून. दोन थेंब जमिनीत खोल उतरतात. नदीपर्यंत पोहोचतात चार. खंडातल्या सर्वांत महत्त्वाच्या शेतीच्या खोऱ्याची ही गत.

आता यात गंमत अशी, की पाऊस थोडासा घटला तर नदी थोडीशी घटत नाही. मातीचा आणि झाडांचा वाटा पहिला असतो. आपल्याकडे मृगाचा पहिला पाऊस जमीनच पिऊन टाकते आणि ओढ्याला पाणी आषाढाशिवाय दिसत नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. तसंच तिथे. १०० चे ८५ थेंब झाले तरी माती आपला वाटा आधी घेते. प्रमाणाने सर्वांत मोठी तूट येते ती नदीच्या चार थेंबांत.

आणि पाऊस कोणत्या महिन्यात पडतो यावर तर सगळंच फिरतं. दक्षिणेकडे, म्हणजे पर्थ, ॲडलेड या पट्ट्यात, पाऊस प्रामुख्याने हिवाळ्याकडे झुकलेला असतो. तिथला हिवाळा जून ते ऑगस्ट. ऊन मवाळ, झाडांची तहान कमी, त्यामुळे माती लवकर भरते आणि मग पडेल ते पाणी वाहू लागतं. उत्तरेकडे, डार्विनच्या बाजूला, पाऊस नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये येतो, ऐन उन्हाळ्यात. सूर्य प्रत्येक थेंबावर टपलेला असतो. तरी नद्या वाहतात, कारण पाऊसच इतका धोधो कोसळतो की वाफ व्हायला सवड मिळत नाही. डार्विनला वर्षाला १,७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि तो जवळजवळ सगळा त्याच महिन्यांत. मधल्या पट्ट्यात दोन्ही बाजूंनी मार: पाऊस थोडा, बेभरवशाचा, आणि ऊन बारमाही. तिथे उन्हाळ्यात थोडाथोडा पडलेला पाऊस नदीपर्यंत फारसा पोहोचत नाही, आणि तेवढाच पाऊस दक्षिणेत हिवाळ्यात पडला तर ओढा काही आठवडे वाहतो.

नदीला विचारायचे प्रश्न

मग नद्यांची वर्गवारी करायची कशी? जगभरातले जलशास्त्रज्ञ नदीच्या प्रवाहाकडे साधारण पाच अंगांनी बघतात. पाणी किती येतं. किती वेळा येतं. आलं की किती दिवस टिकतं. वर्षात कधी येतं. आणि चढ-उतार किती झपाट्याने होतो.

सरासरी यात मुद्दामच पहिली नाही. दोन नद्या कल्पनेत घ्या. पहिलीतून रोज एक माप पाणी जातं, वर्षाचं ३६५. दुसरी ३५० दिवस कोरडी आणि उरलेल्या १५ दिवसांत मिळून ३६५ मापं. दोघींची रोजची सरासरी एकच. पहिली महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या घरासारखी, दुसरी एका हंगामाच्या कमाईवर वर्ष काढणाऱ्या घरासारखी. त्या घरात काय शिजतं, कर्ज कधी काढावं लागतं, मुलाची फी कधी भरता येते, हे सगळं पैशाच्या एकूण आकड्यावर कमी आणि तो कधी येतो यावर जास्त ठरतं. त्यात दुसऱ्या नदीचा हंगाम दर वर्षी येईलच असं नाही. मेलबर्न विद्यापीठाचे टॉम मॅकमहन आणि ब्रायन फिनलेसन यांनी जगभरच्या नद्यांशी तुलना केली तेव्हा दिसलं, की वर्षागणिक चढ-उताराच्या बाबतीत ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेचा दक्षिण भाग बाकी जगापेक्षा फारच लहरी आहेत.

सगळ्या खंडासाठी हे काम सर्वांत नेटकं झालं ते २०१० साली. ग्रिफिथ विद्यापीठाचे मार्क केनर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातली ८३० प्रवाहमापन केंद्रं निवडली. असं केंद्र म्हणजे काही भव्य वास्तू नसते. काठाशी रोवलेली मोजपट्टी, पाण्याची उंची आपोआप टिपणारं एक यंत्र, आणि अधूनमधून तिथे जाऊन, नदीच्या आडव्या छेदात ठिकठिकाणी वेग मोजून, या उंचीला इतकं पाणी असं कोष्टक बसवणारी माणसं. त्यातून निघते रोजच्या प्रवाहाची लांबच लांब यादी. वर्षानुवर्षांची, बहुतेक ठिकाणी कंटाळवाणी. शून्य, शून्य, शून्य, आणि मध्येच चार दिवस हजारांत.

निवड करताना एक पथ्य पाळलं होतं. ज्या नदीवर मोठं धरण आहे किंवा जिचं पाणी भरमसाट उपसलं जातं, ती शक्यतो घ्यायची नाही. कारण धरणाखालची नदी धरणाच्या दरवाजांच्या वेळापत्रकाने वागते, तिचा स्वभाव विचारून उपयोग नाही.

प्रत्येक केंद्राच्या यादीतून त्यांनी १२० मापं काढली. वर्षातले किती दिवस पात्र कोरडं? सर्वांत मोठा पूर सरासरीच्या किती पट? पुराचा महिना ठरलेला की कुठलाही? पाऊस थांबल्यावर जमिनीतून झिरपत येणाऱ्या पाण्यावर नदी किती तग धरते? मग ही मापं संगणकाला दिली आणि सारख्या वागणाऱ्या नद्या आपापसांत जमू दिल्या. कोणती नदी कोणत्या राज्यात आहे, तिथे पाऊस किती, खडक कोणता, हे त्याला सांगितलंच नाही. गट पडले बारा. एका टोकाला वर्षभर शांतपणे वाहणाऱ्या, दुसऱ्या टोकाला उन्हाळ्यातच कधीतरी वाहणाऱ्या आणि बाकी काळ जवळपास कायम कोरड्या. मधे हिवाळ्यात ठरल्याप्रमाणे वाहून उन्हाळ्यात तुटणाऱ्या, हिवाळ्यात वाहणाऱ्या पण भरवसा नसलेल्या, अशा अनेक तऱ्हा.

या कामात मला दोन गोष्टी विशेष आवडतात. एक, गट नकाशावर सलग पट्ट्यांत बसले नाहीत. शेजारच्या दोन नद्या वेगळ्या गटांत गेल्या आणि शेकडो किलोमीटर दूरच्या नद्या एका गटात आल्या. शाळेतल्या नकाशासारखे स्वच्छ रंगीत तुकडे हवे असतील त्याची निराशा होईल, पण नद्या तशाच आहेत त्याला काय करणार. दुसरी गोष्ट म्हणजे ही पद्धत संभाव्यतेची आहे. अमुक नदी पाचव्या गटातली, असं ठोकून न देता ती पाचव्यात असण्याची शक्यता इतकी आणि सातव्यात असण्याची इतकी, असं उत्तर ती देते. निसर्गात सीमारेषा सापडत नाही तिथे ती ओढल्याचं नाटकही करत नाही.

शेजारी-शेजारी असून वेगळं वागण्याचं कारण बहुतेकदा जमिनीखाली असतं. उत्तरेतली डेली नदी घ्या. मेपासून ऑक्टोबरपर्यंत त्या मुलखात पाऊस जवळजवळ नसतो, तरी डेली वाहत राहते, कारण तिच्या पात्राखाली आणि आजूबाजूला पाणी साठवणारा चुनखडीचा थर आहे. उन्हाळी पावसात तो भरतो आणि कोरड्या महिन्यांत झऱ्यांवाटे नदीला पाणी देत राहतो. त्याच आभाळाखाली, तोच पाऊस झेलणाऱ्या, पण कठीण खडकावरून जाणाऱ्या नद्यांचे मात्र पाऊस संपल्यावर काही आठवड्यांत डोह होतात. पावसाच्या नकाशावर दोन्ही एका रंगात असतात.

कूपर क्रीकला पूर येतो तेव्हा

सगळ्यात लहरी गटाच्या नदीजवळ जरा थांबू. कूपर क्रीक हिला नाव ओढ्याचं आणि आकार महानदीचा. क्वीन्सलँडच्या मध्यभागी पाऊस झाला की तिचं पाणी नैऋत्येला निघतं आणि चॅनल कंट्री नावाच्या सपाट प्रदेशात शिरतं. उतार इतका कमी की पाणी एका पात्रात मावत नाही. ते शेकडो वाटांनी फुटतं, वाटा पुन्हा मिळतात, पुन्हा फुटतात, आणि मोठ्या पुरात हा पसारा कित्येक किलोमीटर रुंद होतो. खालची माती आपल्या काळ्या जमिनीच्या जातीचीच, सुकली की हातभर भेगा पडणारी. पुराचं पहिलं पाणी त्या भेगांत जातं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि मागचं पाणी वरून सरकू लागतं. तोवर पसरलेल्या पाण्यावर सूर्य आपलं काम करतच असतो. या टापूतल्या सुमारे चारशे किलोमीटरच्या प्रवासात पुराचं तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी संपून जातं.

आपण नदी म्हणजे खाली जाता जाता वाढत जाणारी गोष्ट समजतो. कूपर खाली जाता जाता आटत जाते. छोटा पूर वाटेतच विरतो. सरोवरापर्यंत पोहोचतो तो क्वचितच, आणि पोहोचतो तेव्हा तिथे वर निरभ्र आकाश असतं. हे पाणी कित्येक आठवड्यांपूर्वी आणि शेकडो किलोमीटरवर पडलेलं असतं. शेजारच्या डायमँटिना नदीवरच्या बर्ड्सव्हिल गावाला अशा बिनपावसाच्या पुरांची सवय आहे. १९७४ साली लेक एअर तुडुंब भरलं होतं. २०२५च्या मार्चअखेरीस क्वीन्सलँडच्या पश्चिमेला प्रचंड पाऊस झाला, हजारो जनावरं दगावली, आणि ते पाणी मे महिन्यात सरोवरात शिरू लागलं. अशा वेळी हजारो किलोमीटरवरून पेलिकन आणि इतर पाणपक्षी तिथे येऊन अंडी घालतात. पाणी आल्याचं त्यांना इतक्या लांबून कसं कळतं, हे पक्षीशास्त्रज्ञांनाही अजून पुरतं उलगडलेलं नाही. पुरांच्या मधल्या काळात सगळा जीव काही खोल डोहांत एकवटतो. या मुलखातल्या आदिवासी समाजांच्या वाटा आणि वस्त्याही या डोहांना धरून होत्या. त्यांचा पाण्याचा नकाशा पहिल्यापासूनच पाणी टिकतं कुठे, यावर आखलेला.

हा खटाटोप कशासाठी

एक उपयोग उघड आहे. खंडातल्या बहुतेक नद्यांवर मापन केंद्र नाही आणि कधी होणारही नाही. मोजलेल्या नदीचं वागणं न मोजलेल्या नदीला लावायचं असेल, तर दोघी एका गटातल्या आहेत याची आधी खात्री हवी.

दुसरा उपयोग धरणांशी जोडलेला आहे. मरे नदी मुळात हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात फुगायची, उन्हाळ्यात ओसरायची. ह्यूम धरणासारखे मोठे जलाशय झाले, वसंतातलं पाणी अडवलं गेलं आणि सिंचनासाठी उन्हाळ्यात सोडलं जाऊ लागलं. म्हणजे नदीचं वर्षच उलटं झालं. काठावरच्या रिव्हर रेड गम या निलगिरीच्या जंगलांना ठरावीक मोसमात काही काळ पाणी आणि मग कोरडी जमीन लागते. बार्मा-मिलावाच्या जंगलात भर उन्हाळ्यात पाणी घुसू लागलं. सोनेरी पर्चसारखा मासा ऊबदार पाण्यात चढता पूर आला की अंडी सोडतो. पूरच नाही तर अंडी कशाच्या भरवशावर सोडणार? हल्ली या खोऱ्यात धरणांमधलं काही पाणी खास नदीसाठी राखून ठेवतात आणि ठरवून सोडतात. ते कधी आणि कसं सोडायचं, हे ठरवताना नदी मुळात कोणत्या जातीची होती हे ठाऊक असावं लागतं. वर्षभर वाहणाऱ्या नदीला लागू पडणारं वेळापत्रक तुटक वाहणाऱ्या नदीवर लादलं, तर तिथले कोरड्या दिवसांना सरावलेले जीव संपतात आणि बाहेरून आलेले कार्पसारखे मासे माजतात. कोरडं पडणं हाही काही नद्यांचा धर्म असतो, हे आपल्याला पटायला जड जातं.

जमिनीखालचा नकाशा हा आणखी निराळाच विषय. ग्रेट आर्टेशियन बेसिन हा खंडाच्या पाचव्या हिस्स्याखाली पसरलेला भूजलाचा साठा आहे. त्याच्या सीमा वरच्या कोणत्याच खोऱ्याशी जुळत नाहीत. पूर्वेच्या डोंगराजवळ मुरलेलं पाणी वाळूच्या दगडांतून इतक्या सावकाश सरकतं, की काही ठिकाणी ते दहा लाख वर्षांहून जुनं आहे. एवढं सांगून पुढे जातो, नाहीतर हा लेख तिथेच अडकेल.

स्वभाव बदलला तर

या सगळ्या वर्गवारीच्या मुळाशी एक गृहीत आहे: नदीचा स्वभाव टिकाऊ असतो. पाऊस मागेपुढे होईल, नदी आपल्या वळणावर येईल. नैऋत्य टोकाला, पर्थच्या बाजूला, हे गृहीत डळमळलं. १९७०च्या आसपासपासून तिथला हिवाळी पाऊस सुमारे १५ ते २० टक्क्यांनी घटला. पर्थच्या धरणांत येणारं पाणी मात्र निम्म्याहून अधिक घटलं. वर थेंबांचा हिशेब मांडला तो इथे दिसतोच, पण आणखीही एक गोष्ट झाली. तिथल्या जारा वृक्षांच्या जंगलाखालचं भूजल वर्षागणिक खाली जात जात ओढ्यांच्या तळाच्याही खाली गेलं. ओढ्याला पूर्वी जमीन पाणी द्यायची. आता ओढ्यात पडलेलं पाणीही जमीन ओढून घेते. बारमाही वाहणारे काही ओढे हंगामी झाले. पर्थने २००६ साली समुद्राचं पाणी गोडं करणारा पहिला मोठा प्रकल्प सुरू केला आणि आज शहराची तहान मुख्यतः भूजल आणि समुद्र यांवर भागते.

आग्नेयेकडचा दाखला याहून चक्रावणारा आहे. १९९७ ते २००९ असा प्रदीर्घ दुष्काळ तिथे पडला. तो संपला, २०१०मध्ये जोरदार पाऊस झाला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मोनॅश विद्यापीठाचे टिम पीटरसन आणि सहकाऱ्यांनी व्हिक्टोरिया राज्यातल्या १६१ पाणलोटांच्या नोंदी तपासून २०२१ साली निष्कर्ष मांडला, की दुष्काळ संपून सात वर्षं झाली तरी त्यांतले सुमारे ३७ टक्के पाणलोट पूर्वपदावर आलेले नव्हते. पाऊस पूर्वीइतका, नदीत पाणी पूर्वीपेक्षा कमी. वाढीव वाटा बहुधा झाडझाडोरा हवेत सोडतो आहे. अशा नदीला आता कोणत्या गटात घालायचं?

या खंडाच्या पावसाचे धागे तर आपल्यापर्यंत येतात. हिंद महासागराची पश्चिम बाजू तापून इंडोनेशियाजवळची बाजू थंड झाली, की आपल्याकडे सहसा पावसाला जोर येतो आणि ऑस्ट्रेलियाकडे जाणारी वाफ तुटते. २०१९ साली हा झोका नोंदींमधल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक होता. भारतात मान्सून सरासरीच्या ११० टक्के झाला, महाराष्ट्रात पाऊस दिवाळी उलटली तरी हटेना आणि काढणीला आलेली पिकं शेतात कुजली. ऑस्ट्रेलियात तेच वर्ष नोंदी सुरू झाल्यापासूनचं सर्वांत कोरडं ठरलं, आणि पाठोपाठ वणवे आले.

असे बदल पकडायचे तर धरण-उपशाचा हात न लागलेल्या नद्या सतत मोजत राहाव्या लागतात. तिथल्या हवामान खात्याने अशी शेकडो केंद्रं खास संदर्भासाठी निवडून ठेवली आहेत आणि त्यांच्या नोंदी कोणालाही पाहता येतात. पण केंद्रं असतात माणसं राहतात तिथे, म्हणजे दक्षिण-पूर्वेकडे आणि किनाऱ्यांलगत. मध्यभागातल्या पात्रांवर ती विरळ आहेत. वर्षानुवर्षं कोरड्या पात्राशी यंत्र सांभाळत बसणं खर्चाचं, आणि एकदाचा पूर आला की तिथवर जाणारे रस्ते पाण्याखाली. त्यामुळे नकाशावर सर्वांत मोठा दिसणारा, सगळ्यात लहरी नद्यांचा भाग सर्वांत थोड्या मोजमापांवर रंगवलेला आहे.